भंगारातला गंधार

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला भंगाराची व्याख्या विचारा. तो डोकं न खाजवता सांगेल, की जिच्यावर घसारा लावायला आता काही उरलेलं नाही अशी मालमत्ता म्हणजे भंगार. आमच्या बँकेत संगणकावर दरसाल एक तृतीयांश घसारा लागतो. तीन वर्षं भरली, की संगणक धडधाकट असो नाहीतर गचके खात असो, वह्यांच्या लेखी तो संपतो. त्याच्या नावापुढे एक रुपया ठेवतात, तोही केवळ वस्तू अजून जागेवर आहे याची आठवण राहावी म्हणून. निवृत्तीच्या जवळ आलेल्या माणसांकडेही साहेब लोक साधारण याच नजरेनं पाहतात, पण तो वेगळा विषय आहे.

संगीतवाल्या मंडळींची हिशेबाची पद्धत नेमकी उलटी. इतरांनी वस्तू टाकून दिली की तिथून त्यांचा जमाखर्च सुरू होतो. तंबोऱ्याचा भोपळाच घ्या. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा हा भोपळा भाजी म्हणून कुणी पानात घेणार नाही, पण वाळवून, कोरून त्यावर तारा चढवल्या की मोठमोठे बुवा त्याला नमस्कार करून गायला बसतात. आमच्या मिरजेत सतार-तंबोरे करणारी जी घराणी आहेत, त्यांचे मूळपुरुष फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. १९व्या शतकात तलवारींचं गिऱ्हाईक आटलं आणि तेच हात सतारीकडे वळले. तेव्हा टाकाऊ संगणकातून वाद्य करण्याचा उद्योग परदेशात सुरू झाला असला, तरी त्यामागची वृत्ती मिरजकराला नवी नाही.

या इतिहासात मी पडलो तो भाच्यामुळे. हा सांगलीला इंजिनिअरिंग शिकतो आणि सुट्टीत आमच्याकडे येऊन पंखा दुरुस्त करण्याच्या नावाखाली बंद पाडतो. एक दिवस म्हणाला, “मामा, मला एक कंट्रोलर करायचाय.”

बँकेतल्या माणसाच्या कानावर ‘कंट्रोलर’ हा शब्द पडला की तो आधी शर्टाची वरची गुंडी लावतो. ‘कंट्रोलर येणार’ म्हणजे वरचे साहेब तपासणीला येणार. मी सावरून बसलो. भाच्यानं समजावलं. संगीतातला कंट्रोलर म्हणजे पट्ट्या, बटणं, खुंट्या असलेली एक पेटी. ती स्वतः काहीच वाजत नाही. कुठला स्वर, किती जोरात, केव्हा सुरू आणि केव्हा बंद, एवढा निरोप ती दुसऱ्या यंत्राला देते. आवाज काढायचा तो त्या दुसऱ्यानं.

“म्हणजे हुबेहूब आमचाच कंट्रोलर,” मी म्हणालो. “फक्त आमचा आवाजही स्वतः काढतो.”

आता संगणक आणि सूर यांची गाठ पहिल्यांदा कशी पडली ती गंमत पाहा. ऑस्ट्रेलियात सिडनीला सिसिरॅक नावाचा खोलीभर संगणक होता. आकडेमोड कुठवर आली हे चालवणाऱ्याला कळावं म्हणून त्याला एक कर्णा जोडलेला होता. काम संपलं की भोंगा वाजायचा. जेफ हिल या गृहस्थानं त्या भोंग्याला शिस्त लावली आणि १९५१ साली त्यातून चक्क चाली वाजवून दाखवल्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संगणकानं राष्ट्रगीत वाजवलं, आणि ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. कर्णा गाण्यासाठी बसवलेला नव्हता. आमच्या शिपायाच्या टेबलावरची घंटा उद्या कुणी केदार रागात वाजवली, तर ती जशी कार्यालयीन कामात धरता येणार नाही, तसंच हे.

पुढचा किस्सा तर याहून सरस. १९७५ साली अमेरिकेत आल्टेअर नावाचा संगणक निघाला. सुटे भाग घरी आणून जोडायचे. किंमत चारशे डॉलरच्या आत. त्याला ना पडदा, ना कळफलक. समोर नुसती खटक्यांची आणि दिव्यांची रांग. स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या हौशी माणसाच्या लक्षात आलं, की हे यंत्र चालू असताना शेजारचा रेडिओ खरखरतो. आपण काय केलं असतं? रेडिओ उचलून दुसऱ्या खोलीत नेला असता. हा बसला ऐकत. कुठल्या आज्ञेला कुठल्या पट्टीची खरखर येते ते त्यानं टिपून ठेवलं, आणि एप्रिल महिन्यात मेन्लो पार्कच्या एका शाळेत हौशी मंडळींच्या सभेत एक एक खटका वरखाली करत सगळे आकडे भरले. मध्येच कुणाचा तरी पाय वायरीत अडकला, वीज गेली, सगळं पुसलं गेलं. पठ्ठ्यानं पहिल्यापासून पुन्हा भरलं. आणि मग त्या रेडिओतून बीटल्सच्या एका गाण्याची चाल आली. सभेनं उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणतात. खरखर तीच होती. फरक इतकाच, की ती आता सुरात होती.

त्यानंतर कॅलिफोर्नियातच जिम हॉर्टन, जॉन बिशॉफ, रिच गोल्ड या त्रयीनं १९७८ साली एक मेळा काढला. त्यांची वाद्यं म्हणजे किम-१ नावाचे उघडे संगणक. किंमत २४५ डॉलर, स्मरणशक्ती एक किलोबाइट. आजच्या मोबाइलवर येणारा ‘सुप्रभात’चा एक फुलांचा फोटोही त्यात मावणार नाही. हे संगणक एकमेकांना वायरींनी जोडून ते वाजवू देत. कोण कुणाला साथ करतंय हे माणसांनाही कळत नसे, पण कार्यक्रम रंगत असे. आपल्याकडच्या काही मैफलींतही याहून जास्त काही कळतं अशातला भाग नाही.

मात्र या सगळ्या उद्योगात एक अडचण होती. प्रत्येक कंपनीच्या वाद्याची भाषा वेगळी. एका कंपनीची पट्टी दाबून दुसऱ्या कंपनीचं यंत्र वाजवायचं म्हणजे इंगळीची वरात. अमेरिकेतल्या डेव्ह स्मिथनं १९८१ साली सर्वांसाठी एकच भाषा सुचवली. जपानातल्या रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्याही मनात तेच होतं. हे दोघे बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी. पण १९८३च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या प्रदर्शनात स्मिथच्या कंपनीचं प्रॉफेट-६०० आणि रोलंडचं ज्युपिटर-६ ही दोन वाद्यं एका वायरीनं जोडली, आणि एकाची पट्टी दाबली की दुसरं बोलू लागलं. या भाषेचं नाव ‘मिडी’.

आता योगायोग पाहा. त्याच १९८३ साली आपल्याकडे बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. संगणक आला तर कारकुनाची भाकरी जाईल, म्हणून वर्षानुवर्षं विरोध चालला होता, तो त्या करारानं वाटाघाटीच्या टेबलावर आला. मी तेव्हा दुपट्यात होतो, पण आमच्या जुन्या सहकाऱ्यांना तो करार कलमवार पाठ आहे. म्हणजे एकाच वर्षी संगणकाशी दोन करार झाले. एक आम्ही पगार वाचवण्यासाठी केला, दुसरा त्यांनी गाण्यासाठी केला. आमचे पगाराचे करार पाच-पाच वर्षांनी संपतात आणि मग पुढचा व्हायला आणखी वेळ लागतो. मिडीची नवी आवृत्ती निघाली ती थेट २०२० साली, आणि तेव्हाही जुना करार रद्द झाला नाही. स्मिथ आणि काकेहाशी यांना त्याबद्दल २०१३ साली ग्रॅमीचा तांत्रिक सन्मान मिळाला. काकेहाशी २०१७ साली गेले, स्मिथ २०२२ साली. भाषा चालू आहे.

भाच्यानं ही भाषा मला शिकवायला घेतली, तेव्हा पाचव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं, की ही मी वीस वर्षं वापरतो आहे. मिडीचा निरोप म्हणजे सरळसरळ व्हाउचर! त्यात तीनच रकाने. पहिल्यात व्यवहार कसला आणि सोळापैकी कुठल्या खात्यात. दुसऱ्यात स्वराचा क्रमांक, शून्य ते १२७. पियानोच्या मधल्या सप्तकाचा पहिला स्वर साठ नंबरचा. तिसऱ्यात जोर किती, तोही शून्य ते १२७. पट्टी दाबली की एक व्हाउचर, बोट उचललं की दुसरं. जमेची नोंद झाली आणि खर्चाची वाटेत हरवली, तर तो स्वर कुणी थांबवेपर्यंत कोकलत राहतो. आमच्याकडे अशा नोंदीपायी लोक रात्री नऊपर्यंत बसतात. एका सेकंदाला ३१,२५० बिटं जातात, म्हणजे एक व्हाउचर वटायला जेमतेम एक सहस्रांश सेकंद. क्लिअरिंगच्या कामात इतका वेग मी पाहिलेला नाही.

पण या करारातली खरी मोलाची गोष्ट वेगाची नव्हे. भाषा खुली ठेवली, वापरण्याचं शुल्क लावलं नाही, आणि खोच म्हणून बाजारात स्वस्त मिळणारी पाच पिनांचीच घेतली. त्यामुळे व्हाउचर बरोबर भरलेलं असलं, की समोरचं यंत्र ते मुकाट्यानं वटवतं. आणणारा लाखाच्या वाद्यातून आला की भंगारातून, हे विचारत नाही. निरोप्या अनवाणी आहे की बूट घालून आलाय, हे दारावरच्या रखवालदाराला दिसतं, व्हाउचरला दिसत नाही.

आणि मग अनवाण्यांची रीघ लागली. आम्सटरडॅमच्या मिशेल वाइसविझनं १९८४ साली दोन्ही हातांवर बसतील असे सांगाडे केले. त्यांत बटणं, हात कलला की कळवणारे खटके आणि दोन हातांतलं अंतर मोजणारी यंत्रणा. हात जवळ आणले, दूर नेले, की सूर बदलत. आपल्याकडचे गवई पिढ्यान्‌पिढ्या हवेत हातवारे करतात, पण त्यांची नोंद घेण्याची सोय कुणी केली नव्हती! अमेरिकेतल्या निकोलस कॉलिन्सनं एका जुन्या ट्रॉम्बोनची नळी पुढेमागे सरकवून संगणकीय आवाज हलवायची युक्ती काढली. त्यासाठी त्यानं वापरली कुत्र्याला फिरायला न्यायची, आपोआप गुंडाळली जाणारी दोरी. कुत्रा कुठे गेला याचा उल्लेख नाही.

घरगुती संगणकांचा पसारा वाढला तसं भंगारही वाढलं, आणि त्यात माल दडलेला आहे हे हौशी लोकांनी हेरलं. खेळाची जॉयस्टिक उघडा. आत दोन छोट्या फिरत्या खुंट्या असतात. दांडा कलला की विजेला होणारा अडथळा कमीजास्त होतो, आणि संगणक तो मोजतो. दांडा काढून टाका, आवाज लहानमोठा करायची खुंटी तयार. चेंडूवाल्या जुन्या माउसच्या पोटात खाचा पाडलेली दोन चाकं असतात. प्रकाशाचा किरण खाचेतून किती वेळा आला-गेला ते मोजून माउस आपली चाल ओळखतो. तेच चाक बोटानं फिरवा, हवा तो आकडा वरखाली होतो. मेलेल्या हार्ड डिस्कची तबकडी हातानं फिरवली तर तिची मोटर स्वतःच चिमूटभर वीज करते, आणि त्या विजेच्या लाटांवरून तबकडी कुठल्या बाजूला, किती वेगानं फिरली तेही कळतं. ज्यांना तबकड्या पुढेमागे खरवडून गाणी वाजवायची असतात, त्यांची तर चंगळच.

संगणकाच्या कळफलकाची रचनाही ऐकण्यासारखी आहे. शंभर कळांना शंभर वायरी नसतात. आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते, आणि आतली चिप रेघ क्रमाक्रमानं तपासत, कुठली आडवी कुठल्या उभीला चिकटली ते पाहते. टंकलेखनाला हे पुरतं, कारण शहाणा माणूस एका वेळी एकच अक्षर दाबतो. पेटीवाला मात्र सा, ग, प एकदम दाबतो. आणि जाळीतल्या चौकोनाचे तीन कोपरे दाबले गेले, की चौथा कोपरा न दाबताच दाबल्यासारखा दिसतो. याला म्हणतात भुताची कळ! तीन माणसांनी सह्या केल्या म्हणून चौथ्याच्या खात्यातून पैसे जावेत, तसा प्रकार. उतारा सोपा. प्रत्येक कळीला एक डायोड, म्हणजे विजेला एकाच दिशेनं जाऊ देणारा रखवालदार, बसवायचा. किंमत रुपया.

शेवटची अडचण इटलीत सुटली. टाइपरायटरच्या ऑलिव्हेट्टी कंपनीचं गाव इव्हरिया. तिथल्या एका संस्थेत २००५ साली मास्सिमो बान्झी आणि मंडळींनी विद्यार्थ्यांना परवडेल असा एक छोटा पट्टा तयार केला. खुंट्या, कळा, काय हवं ते जोडा, तो वाचतो आणि तुम्ही सांगाल ती भाषा बोलतो. नाव ठेवलं आर्डुइनो. गावात त्याच नावाचं मद्यालय होतं, आणि मद्यालयाला नाव होतं हजार वर्षांपूर्वीच्या राजा आर्डुइनोचं. आराखडा खुला असल्यानं त्याच्या नकला जगभर निघाल्या, आणि त्यातली एक पुण्याहून कुरिअरनं आमच्या घरी आली.

आता तुम्ही विचाराल, की एवढा खटाटोप कशासाठी? भाच्याला कार्यक्रम करायचे होते म्हणून? छे. त्याला गाण्यातला ‘सा’ही सापडत नाही. खटाटोप होता गुरुजींसाठी.

गुरुजी आमच्या गल्लीतले. प्राथमिक शाळेतून निवृत्त. भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी त्यांची. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. बोलणं सुधारलं, चालणं जमलं, उजवा हात आधीपासूनच ठीक होता. डावा मात्र मांडीवर पडून राहिला. आणि पेटीला भाता लागतो. सूर उजव्या हातानं काढायचा, पण श्वास डाव्यानं घालायचा. दुसऱ्या कुणी भाता मारला तर गुरुजींना चालत नसे. म्हणत, “दुसऱ्याच्या नाकानं श्वास घ्यायचा का मी?” मुलानं दुकानातून तयार विजेची पेटी आणली. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जोरात बोलायची. गुरुजींनी दोन दिवसांत ती नातवाला दिली. एकादशीचं भजन ऐकायला ते येत, पण पेटीपासून लांब, खांबाला टेकून बसत. इतक्या वर्षांत त्यांना मी रिकाम्या हातानं बसलेलं पाहिलं नव्हतं.

भाच्यानं मिरजेच्या भंगारातून सामान जमवलं. लहान मुलाच्या बिघडलेल्या खेळण्यातली सदतीस पट्ट्यांची रांग, संगणकाचे दोन कळफलक, एक जॉयस्टिक. भंगारवाल्यानं कळफलक तराजूत टाकले. आयुष्यात प्रथमच संगणक किलोवर विकत घेतला. पट्ट्यांना डायोड लागले. जॉयस्टिकची खुंटी एका फळीला जोडून ती डाव्या पायाखाली आली. गुरुजींच्या त्या पायात बळ परतलं होतं. पाय दाबला की आवाज भरतो, सैल केला की ओसरतो. कळफलकाचे आकडे पट्टी बदलायला. एक दाबला की काळी एक, दोन दाबला की काळी दोन. स्वर काढायला भाच्याचा जुना संगणक.

गुरुजींनी फळीवर पाय ठेवला आणि हसले. “अरे, ही तर पायपेटी!”

खरंच होतं. देबँ नावाच्या कारागिरानं १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा तिचा भाता पायानंच मारायचा होता. संगीत नाटकांतला ऑर्गनही पायाचाच. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ साली भाता मागे नेऊन हाताशी दिला, तेव्हा आपण मांडी घालून पेटीवर बसलो. पुढे हिला मींड येत नाही म्हणून आकाशवाणीनं १९४० ते १९७१ तिला दाराबाहेर ठेवलं. भंगारातल्या या नव्या पेटीला नावं ठेवणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवलेला बरा.

गुरुजींनी दोन ओळी वाजवल्या आणि हात थांबवला. “बाळ, सूर उशिरा येतोय.”

“गुरुजी, तेवीस सहस्रांश सेकंद! माणसाच्या कानाला ते कळत नाही.”

“कानाला नसेल कळत. बोटाला कळतं.”

भाच्यानं मान खाली घालून संगणक तपासला. संगणक आवाजाचे नमुने घमेल्यानं भरून ठेवतो आणि घमेलं भरलं की पुढे सरकवतो. घमेलं १,०२४ नमुन्यांचं होतं. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे उशीर बरोबर तेवीस सहस्रांश. त्यानं घमेलं २५६ वर आणलं. उशीर सहावर आला. गुरुजींनी पुन्हा वाजवून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. पुढे अर्धा तास वाजवत राहिले.

आषाढी एकादशीला पेटी मंडळात गेली. मधल्या अभंगात बायकांनी पट्टी चढली म्हणून कुरकुर केली, तेव्हा गुरुजींनी भाच्याला ‘एक’ दाबायची खूण केली आणि भजन न मोडता काळी दोनवरून काळी एकवर आलं. गुरुजींच्या तक्रारी संपलेल्या नाहीत. भात्याच्या १२७ पायऱ्या त्यांना मोजून कमी वाटतात, आणि खुंटीत धूळ गेली की पेटीला खोकला येतो म्हणतात. पण आता खांबाला दुसरंच कुणीतरी टेकून बसतं.

मंडळाचे हिशेब माझ्याकडे असतात. खर्च मांडला: कळफलक साठ रुपये, जॉयस्टिक पन्नास, खेळणं दीडशे, डायोड सदतीस, आर्डुइनोची नक्कल सहाशे, वायर आणि कथील एकशेवीस. एकूण १,०१७ रुपये. जडवस्तूंच्या वहीत नोंद केली, ‘पेटी, पायाची, नग एक.’ पुढच्या रकान्यात लिहिलं, ‘घसारा लावू नये.’

मंडळाच्या लेखापरीक्षकांनी त्यावर लाल शाईनं शेरा मारला आहे: ‘कारण द्यावे.’ त्यांना कार्तिकी एकादशीला साडेआठ वाजता बोलावलं आहे.